डोनाल्डला बँक होती, आपल्या पोरांना काय आहे?

१५ जून २०२३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी, डोनाल्ड ट्रिपलेट हे गृहस्थ वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. ते पुढारी नव्हते, नट नव्हते, खेळाडू नव्हते. गावातल्या बँकेत आयुष्यभर नोकरी केलेला, लग्न न केलेला, गोल्फ खेळण्याची आवड असलेला एक साधा माणूस. तरीही परदेशातील मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमी सविस्तर दिली. कारण 'ऑटिझम' म्हणजे स्वमग्नता हे निदान वैद्यकशास्त्राच्या दप्तरात ज्या मुलापासून नोंदले गेले, ते पहिले मूल म्हणजे हे डोनाल्ड.

स्वमग्नता म्हणजे काय हे आपल्या वस्त्यांमध्ये आजही फार थोड्यांना माहीत आहे. मूल दिसायला चांगले असते, पण हाक मारली तर वळून पाहत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. कोणी दोन-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, कोणी बोलते पण ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते. हात हलवीत राहते, चाक फिरवीत बसते, रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तर आकांत करते. यातली काही मुले पुढे पदवीधर होतात, तर काहींना जन्मभर जेऊ-खाऊ घालावे लागते. हा रोग नव्हे, मेंदूच्या घडणीतला फरक आहे, आणि तो जन्मापासून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे साधारण १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे. म्हणजे दीड-दोन हजार लोकवस्तीच्या गावात बारा-पंधरा माणसे. तुमच्या गावातली ही बारा-पंधरा माणसे कोण? त्यांना गावात नाव आहे, पण ते वेगळे आहे: खुळा, येडा, मुका, लागीर झालेला.

मूल लहान असते तोवर सगळे एकच विचारतात, हा बोलायला कधी लागेल? डॉक्टर, थेरपीवाले, जाहिराती, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, सगळ्यांचे लक्ष त्या लहान मुलावर. पण मूल काही मूल राहत नाही. ते वीस वर्षांचे होते, चाळीस वर्षांचे होते. आई थकते, बाप जातो. त्या चाळीस वर्षांच्या माणसाचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर जगात थोडेफार शोधले गेले आहे. ते उत्तर आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात आपल्या समाजाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट दडलेली आहे.

डोनाल्डपासूनच सुरुवात करू. त्यांचा जन्म १९३३ चा. वडील वकील, आई गावातल्या बँकेच्या मालक घराण्यातली. मूल चार वर्षांचेही नव्हते, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने ते एका सरकारी संस्थेत ठेवले गेले. वर्षभराने आई-वडिलांनी ते परत आणले. नुसते आणले नाही, तर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाला वडिलांनी मुलाची सगळी हकीकत तेहतीस पानांच्या पत्रात लिहून पाठवली. त्या काळात तेहतीस पाने टंकलिखित करून घेणारा बाप किती शिकलेला आणि किती ऐपतीचा असेल, याचा विचार करा. कॅनर यांनी १९४३ मध्ये आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील क्रमांक एकचे मूल म्हणजे 'डोनाल्ड टी.'.

पण डोनाल्डच्या आयुष्याला वळण मिळाले ते रुग्णालयात नव्हे, शेतावर. १९४२ च्या सुमारास त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तेथे जाऊन आले. त्यांनी जे पाहिले ते वाचण्यासारखे आहे. पोराला मोजमापाचे वेड होते, म्हणून त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांग म्हटले. पोरगा मेलेली पाखरे गोळा करीत असे, तर त्याला दफनासाठी जागा नेमून दिली आणि प्रत्येक पाखरावर खुणेची पाटी लावायला सांगितले. मक्याच्या ओळी मोजत बसायचा नाद होता, तर ओळी मोजता मोजता नांगरट करायला शिकवले. घोडा जुंपून तो सरळ नांगर धरू लागला. या जोडप्याने मानसशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते. त्यांनी पोराचा नाद मोडला नाही, त्या नादालाच काम जोडले. आपल्याकडे गुराख्याने, कुंभाराने, चांभाराने आपल्या जरा 'वेगळ्या' पोराला असेच कामात मुरवून घेतल्याची उदाहरणे जुनी माणसे सांगतील. त्याची नोंद कोणत्या निबंधात झाली नाही, एवढाच फरक.

पुढे डोनाल्ड शाळेत गेले, महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवीधर झाले, आणि घराण्याच्या संबंधातल्या त्या बँकेत लागले. गाडी चालवायला शिकले, एकट्याने देशोदेशी फिरले. त्यांच्यावर लिहायला आलेल्या पत्रकारांना गावकऱ्यांनी दम दिला होता की आमच्या डॉनला त्रास झाला तर याद राखा!

आता याच अकरांतल्या बाकीच्यांकडे पाहू. १९७१ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, कॅनर यांनी या मुलांचा माग काढला. खऱ्या अर्थाने सुस्थितीत निघाले दोनच. एक डोनाल्ड, दुसरा एका कचेरीत प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करणारा. चौघांचे बहुतेक आयुष्य सरकारी संस्थांत गेले होते, आणि संस्थेत गेल्यावर लवकरच त्यांच्यातले होते-नव्हते ते तेजही विझले होते. कॅनर यांनी अशा संस्थेतल्या प्रवेशाची तुलना जवळपास जन्मठेपेशी केली. निदान तेच, डॉक्टर तोच, काळही तोच. मग फरक कशाने पडला? मुलांच्या क्षमतेत फरक होता, हे खरेच. पण एकाला शेत मिळाले, गाव मिळाले, बँक मिळाली, आणि दुसऱ्याला मिळाली भिंत. हाही फरक तितकाच खरा आहे.

आणि या अकरांत जे नव्हतेच त्यांचे काय? मिसिसिपी हे अमेरिकेतले वर्णभेदाचे माहेरघर. त्याच फॉरेस्ट गावाच्या आसपास कापूस वेचणाऱ्या काळ्या कुटुंबांत अशी मुले जन्माला आली नसतील काय? पण त्यांच्या बापांना तेहतीस पानांचे पत्र लिहिता येत नव्हते, आणि लिहिले असते तरी कोणी उघडले नसते. कॅनर यांच्या अकरांत एकही काळे मूल नाही. बहुतेक आई-बाप डॉक्टर, वकील, प्राध्यापक. त्यावरून ज्ञानी लोकांनी निष्कर्ष काय काढला? की हा शिकलेल्या, हुशार, पण मायेने कोरड्या आई-बापांच्या मुलांना होणारा आजार आहे! ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या विद्वानाने तर आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हे मत अमेरिकाभर गाजवले. बर्फाच्या पेटीसारखी थंड आई! हे मत खोडून काढले १९६४ मध्ये बर्नार्ड रिम्लँड यांनी, जे स्वतः अशाच मुलाचे वडील होते. आणि 'हा वरच्या वर्गाचा आजार' हा समज उघडा पाडला लंडनच्या लॉर्ना विंग यांनी. त्याही अशाच एका मुलीच्या आई. कॅम्बरवेल या कष्टकऱ्यांच्या भागात घरोघरची मुले तपासल्यावर त्यांना आढळले की स्वमग्नता सर्व वर्गांत आहे. डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचण्याची ऐपत तेवढी सर्व वर्गांत नाही.

आपल्याकडे बेटेलहाइमची गरज पडली नाही. आपल्याकडे आईला दोष द्यायला पूर्वजन्म आहे, ग्रहण आहे, कुळाचार चुकल्याचा ठपका आहे. ज्या कर्मसिद्धांताने एका माणसाच्या जन्मावर जातीचा शिक्का मारला, तोच सिद्धांत या मुलाच्या आईच्या पदरात पाप टाकतो. दोन्हीकडे हिशेब एकच: भोगणाऱ्यानेच गुन्हा केला असला पाहिजे.

अमेरिकेत तरी ही दरी लवकर बुजली असे समजू नका. फिलाडेल्फिया शहरातील गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतील मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी झाले होते, काळ्या मुलांचे ७.९ व्या वर्षी. गरिबी दोघांची सारखी, योजना एकच. तरी दीड वर्षाचा फरक. २०२३ मध्ये प्रथमच तिथल्या सरकारी आकड्यांत काळ्या व स्पॅनिश भाषक समाजातील मुलांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त दिसले. रोग एकाएकी काळ्या वस्तीत शिरला असे नव्हे. मोजणारे तिथवर उशिरा पोहोचले.

मोठेपणी काय होते याचा सर्वांत परिचित अभ्यास लंडनचा आहे. पॅट्रिशिया हाउलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी सातव्या वर्षी तपासलेली ६८ मुले त्यांनी सरासरी एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा पाहिली. नोकरी आहे का, मित्र आहेत का, स्वतःचे स्वतः राहता येते का, या तीन गोष्टींवर प्रत्येकाची स्थिती ठरवली. 'अतिशय चांगली' निघाली १२ टक्क्यांची, 'चांगली' १० टक्क्यांची, 'बरी' १९ टक्क्यांची. 'वाईट' ४६ टक्के आणि 'फार वाईट' १२ टक्के. म्हणजे शंभरातली अठ्ठावन्न माणसे तिशीच्या उंबरठ्यावर आई-बापांवर किंवा संस्थेवर पूर्ण अवलंबून. हा इंग्लंडसारख्या, मोफत सरकारी दवाखाने आणि बेकारभत्ता असलेल्या देशातला हिशेब आहे. त्यातही ज्यांची बुद्धी फारच कमी होती अशी मुले या ६८ मध्ये घेतलेलीच नव्हती.

याच अभ्यासातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांची बुद्धी लहानपणी सत्तर गुणांकाच्या वर होती त्यांची स्थिती एकंदरीने बरी होती. पण त्यांच्या आपसातही जमीन-अस्मानाचे अंतर होते. तेवढीच बुद्धी असून एक नोकरी करतो आणि दुसरा खोलीत बसून आहे. तेव्हा नुसत्या बुद्धीने आयुष्य ठरत नाही.

मग कशाने ठरते? अमेरिकेतल्या यूटा राज्यात २००९ मध्ये असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण किंवा त्याच्या जवळपास बुद्धी असलेली ४१ माणसे, वीस वर्षांनंतर. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांची स्थिती 'चांगली' किंवा 'अतिशय चांगली' निघाली. लंडनमधल्या मुलांत बुद्धीने कमी असलेलीही होती, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडता येणार नाही. परंतु संशोधकांनीच एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. ही बहुतेक माणसे तिथल्या मॉर्मन पंथाच्या घट्ट समाजात वाढली. त्या समाजात प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेले असते, आणि सभेला आला नाही तर त्याची चौकशी होते. धर्माने स्वमग्नता बरी होत नाही, हे सांगायला नकोच. पण दर आठवड्याला ज्याची कोणीतरी वाट पाहते तो माणूस खोलीत सडत नाही. आपल्या विहारात, जयंतीच्या समितीत, सतरंज्या अंथरण्याचे, पुस्तके लावण्याचे, वर्गणीच्या पावत्या क्रमाने ठेवण्याचे काम अशा एखाद्या पोराला किती वेळा मिळते? हे काम ही मुले आपल्या अध्यक्ष-सचिवांपेक्षा नेटके करतील!

शाळा संपल्यावर काय होते, याचाही देशव्यापी हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शाळा सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत निम्म्याहून अधिक स्वमग्न तरुण ना नोकरीत होते, ना शिक्षणात. ज्या घरांचे उत्पन्न कमी, त्यांच्या मुलांच्या वाट्याला हे जास्त आले. त्याच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात दिसले की शाळेनंतर कोणतीही मदत न मिळणाऱ्यांत गरीब घरांतले आणि काळे तरुण अधिक आहेत. शाळा आहे तोवर कायदा पाठीशी उभा असतो. शाळेचे दार मागे लागले की पुढे कडा.

हा कडा आपल्याकडे अठराव्या वर्षी येतो, आणि कायद्याच्या पुस्तकातच येतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरा पूर्ण झाली की हक्क संपला. शिवाय अठराव्या वर्षी मुलगा कायद्याने सज्ञान होतो, म्हणजे बँकेचे खाते, घराचा कागद, दवाखान्याची संमती, कशावरही आई-बापांची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. ही समिती आपल्या जिल्ह्यात आहे, हे किती जणांना माहीत आहे? याच न्यासाची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि आई-बापांच्या पश्चात राहण्यासाठी 'घरौंदा' ही निवासाची योजना आहे. कागदावर सुंदर. पण गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या बाईने या योजनेपर्यंत पोहोचायचे कसे?

शब्दांचीही एक गंमत पाहा. १९९५ च्या पहिल्या अपंग कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले, त्यात ती आली. मधल्या काळात, २०१५ च्या डिसेंबरात, पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले आणि सगळ्या पाट्या बदलल्या. देवाचा अंश असल्याचे नाव देण्याचा हा प्रयोग आपल्याला नवा नाही. 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याविरुद्ध १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळातून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले होते. त्या मुलाच्या आईला विचारा, तिला दिव्य काही नको आहे. प्रमाणपत्र एका खेपेत मिळाले तरी पुष्कळ.

नोकरीचे म्हणाल तर याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना चार टक्के आरक्षण दिले. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून. एका ताटात पाच जण. खाजगी क्षेत्रात एसएपी या संगणक कंपनीने २०१३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांत एक टक्का स्वमग्न माणसे घेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, भारतातही काही तरुण घेतले. चांगली गोष्ट. पण ती इंग्रजी शाळेत शिकलेल्या, संगणक घरात असलेल्या मुलांची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२० मध्ये आर्यन राज खटल्यात फार मोलाचे मत दिले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याला चंदीगडच्या कलामहाविद्यालयात प्रवेश हवा होता. अपंग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागासच आहेत, तेव्हा अनुसूचित जाती-जमातींना जी गुणांची सवलत आहे ती त्यांनाही मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने मान्य केले. मागासलेपण हे शरीरात वा मेंदूत नसून समाजाने घातलेल्या कुंपणात असते, हे आपण सांगत आलो तेच हे. प्रश्न असा, की जो एकाच वेळी दोन्ही कुंपणांच्या आत आहे त्याचे काय?

त्याच्या वाट्याला काम येत नाही असे नाही. काम येते, मजुरी येत नाही. गावातल्या मोठ्या वाड्यात गोठा झाडणारा, न बोलणारा, भाकरीवर राबणारा एखादा 'साधा' गडी आपण सर्वांनी पाहिला आहे. याच कॅनर यांनी १९३७ मध्ये बाल्टिमोरमधला असाच प्रकार उजेडात आणला होता. रोजवुड नावाच्या सरकारी संस्थेतून मंदबुद्धी ठरवलेल्या मुली न्यायालयाच्या हुकमाने 'मुक्त' केल्या गेल्या, आणि श्रीमंत घरांतून स्वस्तातल्या मोलकरणी म्हणून राबवल्या गेल्या. पुढे त्यांतल्या कितीकांची धूळधाण झाली. तेव्हा 'या लोकांना कामाला लावा' एवढे म्हणून भागत नाही. मजुरी किती, हजेरी कोण मांडणार, तक्रार कुठे करायची, हेही लागलीच विचारले पाहिजे.

दुसरीकडे बरे करून देतो म्हणणाऱ्यांचा बाजार जोरात आहे. ताईत आणि अंगारा तर आहेतच. पण पांढरा कोट घातलेलेही आहेत. स्टेम सेल म्हणजे मूळपेशींचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता घालवतो म्हणून लाखो रुपये घेणारे दवाखाने या देशात निघाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात या उपचाराची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. तोवर कितीकांच्या जमिनी आणि मंगळसूत्रे गेली असतील! लहानपणी भाषेची, वागणुकीची थेरपी मिळाली तर उपयोग होतो, ती मिळालीच पाहिजे. पण ती आठवड्यातून कित्येक तास चालणारी असते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईने ते तास आणायचे कोठून?

आता मूळ मुद्दा. डोनाल्डला बँक होती. आपल्या समाजाला बँक नव्हती, पण तिच्यासारखे एक होते: सरकारी नोकरी. रेल्वेत, टपालात, नगरपालिकेत, शाळेत लागलेल्या आपल्या माणसाच्या घरी असे मूल असेल, तर पेन्शनच्या नियमात एक फार मोठी तरतूद आहे. जे अपत्य अपंगत्वामुळे स्वतः कमावू शकत नाही, त्याला आई-बापांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. कोणाची दया नव्हे. बापाने केलेल्या नोकरीचा हक्क. आरक्षणाने आपल्याला काय दिले असे विचारणाऱ्यांना हे माहीतही नसेल, की त्या नोकरीने कित्येक घरांतल्या न बोलणाऱ्या पोरांच्या म्हातारपणाचीही सोय केली. ही सोय मिळवायची तर मुलाचे नाव आणि अपंगत्व बाप हयात असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवलेले बरे. मागाहून फार पायपीट होते.

तीच भिंत आज पाडली जात आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. त्यांना पुढे काही दुरुस्त्या तरी मिळाल्या. पण सफाईचे काम ठेकेदाराकडे गेले, शिपायाचे गेले, चालकाचे गेले. कंत्राटी सफाई कामगाराच्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन कोण देणार? ठेकेदार? खाजगीकरणावर आपण सभा घेतो तेव्हा नव्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या एवढेच बोलतो. ज्यांना नोकरी कधी मिळणारच नव्हती त्या मुलांच्या तोंडचा घासही त्याबरोबर गेला, हे आपल्या भाषणात येत नाही.

मग उरते निराधार अनुदान. केंद्राची अपंग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील आणि ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्यालाच लागू, आणि केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये! महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार केले. वाढ स्वागतार्हच. पण अडीच हजारात एक माणूस महिना कसा काढतो, ते मंत्रालयातल्या एखाद्या सचिवाने एकदा करून दाखवावे. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या चार प्रसंगी सरकारी साह्याचा हक्क मिळवून देण्याचे कर्तव्य राज्यावर टाकलेले आहे, अर्थात आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ती मर्यादा कर्जमाफीच्या वेळी उद्योगपतींना आडवी येत नाही.

अठराव्या वर्षाच्या या प्रश्नावर महाराष्ट्रात आयुष्य वेचलेला एक माणूस आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानकांवर, कचराकुंड्यांत टाकलेली अपंग, मतिमंद, अंध, मूकबधिर अशी १२३ मुले सांभाळली आणि बाप म्हणून त्यांना आपले नाव दिले. गाडगेबाबांना मानणारा हा माणूस वर्षानुवर्षे एकच मागणी करीत आला: अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बेवारस मतिमंद मुलाला बालगृहाबाहेर काढू नका, त्याच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. सरकारने २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. कायदा मात्र त्यांच्या मागणीप्रमाणे झालेला नाही.

सरकार मोजत नाही ते सरकारला दिसतही नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते, त्यात स्वमग्नतेचा नव्हता. ही माणसे 'मतिमंद' किंवा 'इतर' मध्ये बुडाली. त्याच जनगणनेत देशातले अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के निघाले, आणि अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. कुपोषण, बाळंतपणातली हेळसांड, गटारातले काम, यांचा हा हिशेब आहे. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून नवी जनगणना ठरलेली आहे, आणि तीत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. जातनिहाय जनगणनेसाठी आपण इतकी वर्षे भांडलो ते केवळ आरक्षणाच्या टक्क्यासाठी नव्हे. कायद्यातले एकवीसही अपंगत्वाचे प्रकार या जनगणनेत वेगळे मोजले जावेत, आणि जात व अपंगत्व यांचे आकडे एकत्र जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनात आतापासून घातली पाहिजे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करावे लागतात. कोणत्या अपंगांवर, कशावर, हे येत्या ग्रामसभेत दप्तर मागून पाहता येते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.